बिंगोची व्याख्या आणि काळ्या मातीचा मुलूख

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ज्या एका खटल्याचा निकाल दिला, त्याचे नाव ‘अलाबामा राज्य विरुद्ध २,२३,४०५ डॉलर ८६ सेंट’ असे आहे. जप्तीच्या प्रकरणात तेथे जप्त झालेली वस्तूच प्रतिवादी केली जाते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने या नावात विचित्र काही नाही. तरीही या सबंध प्रकरणाला याहून समर्पक नाव सुचणे कठीण आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्यांनी मेकन काउंटीतील ‘व्हिक्टरीलँड’ या जुगारगृहावर छापा घालून १,६१५ यंत्रे व ही रोकड जप्त केली. खालच्या न्यायालयाने २०१५ साली राज्याला फटकारले. हीच यंत्रे इतरत्र उघडपणे चालू असताना एकाच जागेवर कारवाई का, याचे समाधानकारक उत्तर राज्याला देता आले नव्हते. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. रकमेचे काय करावयाचे हे अशा रीतीने ठरले. ज्या माणसांची उपजीविका त्या यंत्रांवर होती त्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

बिंगो म्हणजे आपल्याकडचा तांबोला अथवा हाऊजी. आकड्यांचे कागद वाटायचे, एकाने आकडे पुकारायचे, ज्याचा कागद प्रथम भरेल त्याने ओरडायचे. चर्चच्या वर्गणीसाठी म्हातारेकोतारे खेळतात असा हा निरुपद्रवी खेळ. अलाबामाच्या १९०१ सालच्या राज्यघटनेने लॉटरीला मज्जाव केला आहे. परंतु १९८० नंतर डझनाहून अधिक काउंट्यांपुरत्या स्थानिक घटनादुरुस्त्या होऊन धर्मादाय कार्यासाठी बिंगोला वाट मोकळी झाली. या वाटेने पुढे यंत्र आत शिरले. बाहेरून ते फिरत्या चक्रांचे जुगारयंत्रच असते. आत कुठेतरी संगणक क्षणार्धात आकडे काढतो, पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचा एक चिमुकला तक्ता लुकलुकतो आणि खेळणारा त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता पुन्हा कळ दाबतो. यास ‘इलेक्ट्रॉनिक बिंगो’ म्हणावयाचे. आकडे पुकारणारा नाही, ऐकणारा नाही, ओरडणाराही नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या शब्दच्छलाला लगाम घातला. लाउंड्‌स काउंटीतील व्हाइट हॉल येथील जुगारगृहाच्या खटल्यात त्याने बिंगोची सहा लक्षणे सांगितली. पाच ओळी व पाच स्तंभ यांचा तक्ता, एकामागून एक पुकारले जाणारे आकडे, लक्ष देऊन स्वतःच्या हाताने खूण करणे, दुर्लक्ष झाल्यास बक्षीस हुकण्याची शक्यता, जिंकल्याची आरोळी स्वतः देणे, आणि शेवटी, खेळ अनेकांनी मिळून खेळलेला असणे. तर्काच्या कसोटीवर या निर्णयात खोट काढणे अवघड आहे. यंत्राला बिंगो म्हणणे ही लबाडीच होती. परंतु लबाडी कोणी केली, ती इतकी वर्षे कोणी चालू दिली, आणि ती उघडी पाडताना कोणाच्या ताटातले काढून घेतले गेले, हे प्रश्न व्याख्येने सुटत नाहीत.

ज्या तीन काउंट्यांभोवती हा झगडा प्रामुख्याने फिरला, त्या मेकन, लाउंड्‌स व ग्रीन, तिन्ही ‘ब्लॅक बेल्ट’ या पट्ट्यात येतात. हे नाव मुळात तेथील काळ्या मातीवरून पडले. ती कापसाची जमीन. विदर्भातल्या वाचकाला तिचा रंग परिचयाचा वाटेल. या मातीत राबण्यासाठी गुलाम आणले गेले आणि त्यांचे वंशज आजही तेथे बहुसंख्य आहेत. मेकन काउंटीचे मुख्य ठिकाण टस्कीगी. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ च्या पुस्तकाने मराठी घराघरांत पोचविलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांची ही कर्मभूमी. कापसाने झिजलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे ज्या काउंटीतल्या गरीब शेतकऱ्यांना ते सांगत फिरले, तीच काउंटी पुढे यंत्रांच्या कळा दाबणाऱ्यांवर पोट भरू लागली. लाउंड्‌समध्ये १९६५ नंतर मतदार म्हणून नाव नोंदविल्याबद्दल जमीनदारांनी कृष्णवर्णीय कुळांना घराबाहेर काढले व ती कुटुंबे तंबूंत राहिली. ग्रीन काउंटीत १९६९ साली कृष्णवर्णीयांनी निवडणुकीने काउंटीची सत्ता हाती घेतली, आणि ती घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की तिजोरीत काही नाही.

तिजोरी रिकामी का, याचे उत्तर अलाबामाच्या करपद्धतीत आहे, आणि प्रकरणाचे मर्मही तेथेच आहे. १९०१ ची घटना कृष्णवर्णीयांचा व गरीब गोऱ्यांचा मताधिकार हिरावण्यासाठी रचली गेली. त्याच घटनेने मालमत्तेवरील करालाही मर्यादा घातल्या. १९७८ च्या दुरुस्तीने त्या आणखी आवळल्या, आणि शेतजमीन व जंगल यांची किंमत बाजारभावाने न धरता चालू वापरानुसार धरण्याची सवलत मिळाली. जंगलाचे मोठमोठे तुकडे बाळगणाऱ्या मालकाला कर नाममात्र. याउलट किराणा मालावर २०२३ पर्यंत पूर्ण चार टक्के राज्य विक्रीकर. चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४,६०० डॉलर मिळकतीपासूनच आयकर लागू होत असे. जेथे जमिनीखेरीज संपत्ती नाही आणि जमिनीवर कर घेता येत नाही, तेथे शाळा कशावर चालावयाच्या?

राज्यपाल बॉब रायली यांनाच हा प्रश्न एकदा पडला होता, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. रिपब्लिकन पक्षाच्या या गृहस्थांनी २००३ साली सुमारे १२० कोटी डॉलरची करसुधारणा मांडली. तीत बड्या जमीनमालकांवर बोजा वाढणार होता आणि गरिबांवरील आयकर हलका होणार होता. तिच्या विरोधात अलाबामातील ‘ख्रिश्चन कोॲलिशन’ही उभी राहिली. सप्टेंबरातल्या सार्वमतात सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी ती फेटाळली. ज्यांचा बोजा हलका होणार होता, अशांनीही मोठ्या प्रमाणावर विरुद्ध मत दिले. त्याच वर्षी मेकन व ग्रीन या काउंट्यांनी बिंगोच्या दुरुस्त्या मंजूर केल्या. सरळ मार्गाने महसूल मिळण्याचे दार बंद झाले आणि चोरवाट उघडली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या. पुढे २००८ च्या डिसेंबरात हेच रायली जुगारविरोधी कृतिदल नेमतात आणि जानेवारी २०१० मध्ये पहाटे शंभराहून अधिक पोलीस व्हिक्टरीलँडच्या दारी धाडतात. संपत्तीवर कर बसविण्यात हरलेले राज्य गरिबाच्या काउंटीवर मात्र शौर्य गाजवू शकले.

या लढ्यात नीतिमत्तेची भाषा पुष्कळ झाली. तिची पारख करावयाची तर १९९९ कडे पाहावे. राज्यपाल डॉन सीगलमन यांनी मुलांच्या उच्च शिक्षणासाठी राज्य लॉटरीचा प्रस्ताव मांडला होता. तो सार्वमतात पडला. त्याविरुद्ध धार्मिक मतदारांना जागविणाऱ्या मोहिमेत राल्फ रीड हे ‘ख्रिश्चन कोॲलिशन’चे माजी कार्यकारी संचालक होते. जॅक अब्रामॉफ या दलालामार्फत त्यांच्याकडे पोचलेला दहा लाखांहून अधिक डॉलरचा पैसा शेजारच्या मिसिसिपीतील चॉक्टॉ जमातीच्या कॅसिनोतून आलेला होता, हे अमेरिकन सिनेटच्या समितीच्या चौकशीतून पुढे बाहेर आले. जुगाराविरुद्धच्या धर्मयुद्धाचा खर्च जुगारानेच भागविला, कारण त्याला प्रतिस्पर्धी नको होता! ज्यांनी श्रद्धेने मत दिले त्यांना याची वार्ताही नव्हती.

२०१० सालचे विधेयक-प्रकरण याहून गलिच्छ. बिंगोला संरक्षण देणाऱ्या विधेयकासाठी मते विकत घेतल्याच्या आरोपावरून व्हिक्टरीलँडचे मालक मिल्टन मॅक्ग्रेगर यांच्यासह अकरा जणांवर संघराज्याने खटला भरला. काहींनी गुन्हा कबूल केला. मॅक्ग्रेगर व उरलेले आरोपी २०१२ सालापर्यंत निर्दोष सुटले. परंतु सरकारी बाजूने गुप्त ध्वनिमुद्रण करणारे आमदार त्याच फितीत ग्रीन काउंटीच्या कृष्णवर्णीयांविषयी हेटाळणीने बोलताना ऐकू आले. बिंगोचा प्रश्न मतपत्रिकेवर आला तर कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडतील, ही त्यांची चिंता होती. न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी २०११ मध्ये या साक्षीदारांचा हेतू कृष्णवर्णीयांचे मतदान दडपण्याचा होता, असे स्पष्ट नमूद केले.

आणखी एक विसंगती. ही यंत्रे अलाबामात सर्वत्र बंद नाहीत. पोआर्च क्रीक या आदिवासी जमातीची तीन जुगारगृहे ॲटमोर, वेटम्प्का व माँटगोमेरी येथे चालू आहेत. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने आदिवासी भूमीवर बिंगोला व त्यास साहाय्यक अशा इलेक्ट्रॉनिक साधनांना मुभा दिली. ती जुगारगृहे बंद पाडण्याचा राज्याचा दावा संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१५ साली फेटाळला. १८३० च्या दशकात क्रीक लोकांना बंदुकीच्या धाकाने या प्रदेशातून हाकलण्यात आले; जे थोडे मागे राहिले त्यांच्या वंशजांना संघराज्याची मान्यता १९८४ पर्यंत मिळाली नव्हती. तेव्हा त्यांच्या पदरात काही पडले म्हणून कोणी खंत करू नये. पण वेटम्प्काहून तासाभरात मेकनला पोचणाऱ्या माणसाला तेच यंत्र एका ठिकाणी विधिसंमत उद्योग व दुसऱ्या ठिकाणी गुन्हा का, हे समजावून देणे सोपे नाही.

मात्र या अन्यायामुळे मॅक्ग्रेगर यांच्यासारख्या मालकांना गरिबांचे कैवारी ठरविण्याची चूक डाव्या कार्यकर्त्याने करू नये. तिकडच्या कृष्णवर्णीय नेत्यांपैकी काहींनी ती केली. व्हिक्टरीलँड एके काळी काउंटीतील सर्वांत मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक होते, हे खरे. परंतु ही रोजगाराची देणगी देणारे कोण? नियम करण्याचा अधिकार शेरीफकडे गेला, आणि नियम असे झाले की प्रत्यक्षात धंदा एकाच जागेच्या पदरात पडला. ग्रीन काउंटीतील ग्रीनट्रॅक या संस्थेने आपली मिळकत धर्मादाय बिंगोची म्हणून करमुक्त असल्याचे सांगितले. जून २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ ते २००८ या वर्षांचा कर व व्याज मिळून ७ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम तिच्यावर कायम केली. ज्या धर्मादाय संस्थांच्या नावे सारे चालले होते, त्यांच्या वाट्याला त्यातला नगण्य अंश येत होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने जुगाराचा महसूल हा गरिबांवर सर्वाधिक भार टाकणारा प्रतिगामी करच असतो. फरक एवढाच की तो वसूल करण्याचा मक्ता खाजगी मालकाकडे असतो आणि भरणाऱ्याला आपण कर भरतो आहोत हे कळत नाही. अटलांटा-माँटगोमेरी महामार्गावरून काही परके पैसे येत, हे मान्य. तरी त्याने नवे उत्पादन एका भुईमुगाच्या शेंगेइतकेही झाले नाही.

शब्दांच्या आडून जुगाराला वाट करून देण्याची कला अलाबामाची मक्तेदारी नव्हे. गोव्याच्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ साली घातलेल्या कलमाने पंचतारांकित हॉटेलांत ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक यंत्रां’ना परवानगी मिळाली. पुढे टेबलावरचे खेळ समुद्रातील जहाजांवर चालतील असे ठरले, आणि ती ‘समुद्रातील’ जहाजे पणजीसमोर मांडवी नदीत नांगरलेली आहेत. महाराष्ट्राने कॅसिनोंचा कायदा आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे तो कपाटात राहिला, हे या राज्याचे सुदैव. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, हे १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील वाक्य पुढे मोबाईलवरील पैशांच्या रमीचे किती वर्षे कवच बनले, हे २०२५ च्या केंद्रीय बंदीपर्यंत आपण पाहिलेच. तेथेही वाद व्याख्येचाच होता. पैसे गमावणाऱ्या तरुणाच्या घराचा उल्लेख त्या युक्तिवादांत क्वचितच आला.

सप्टेंबर २०२२ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेकन व लाउंड्‌स काउंट्यांतील इलेक्ट्रॉनिक बिंगोविरुद्ध मनाई हुकूम देण्याचे आदेश खालच्या न्यायालयांना दिले. एप्रिल २०२४ मध्ये राज्यभरातील जुगार व लॉटरी नियमित करणारी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये आली. एकवीस मते हवी होती, वीस पडली. लाउंड्‌समध्ये बऱ्याच घरांचे सांडपाणी अजून उघड्या खड्ड्यांत व अंगणात साचते. संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन २०१७ च्या डिसेंबरात ते पाहून गेले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने वर्णभेदाच्या चौकशीनंतर राज्याच्या आरोग्य खात्याशी सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी करार केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारच्या न्याय खात्याने तो मोडीत काढला. किराण्यावरील राज्य कर दोन हप्त्यांत दोन टक्क्यांवर आला आहे. जंगलांच्या मालकांची १९७८ ची सवलत मात्र कायम आहे, आणि ती काढण्याविषयी दोन्ही पक्षांपैकी कोणी बोलत नाही.