फेब्रुवारीतला तो लिफाफा

वॉशिंग्टन राज्यात शाळांच्या निधीचे मतदान बहुधा फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी होते. त्याआधी मतपत्रिका टपालाने घरी येते. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष नसतो, गव्हर्नर नसतो; बहुतेक वेळा आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टची लेव्ही (कर) किंवा बाँड (कर्ज) एवढाच प्रश्न असतो. रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, बॉथेल या भागात आपल्यापैकी अनेकांनी शाळा बघून घर घेतले. तरीही हा लिफाफा जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून राहतो. तो उघडावा, म्हणून हे मुद्दे.

१. राज्य सगळा खर्च उचलत नाही. मुलांचे शिक्षण हे राज्याचे सर्वोच्च कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे नववे कलम सांगते. त्या आधारावर मॅकक्लिअरी खटल्यात राज्य सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सरकारला दोषी धरले आणि २०१५ मध्ये रोज १ लाख डॉलरचा दंड लावला. निधी वाढल्यावर २०१८ मध्ये ते प्रकरण मिटले. ‘मग आता लेव्ही कशाला?’ असे लोक विचारतात. पण राज्याचे पैसे त्याच्या सूत्रात बसणाऱ्या मूलभूत शिक्षणापुरतेच येतात. जादा समुपदेशक, परिचारिका, वर्गातले मदतनीस, खेळ आणि संगीत यांचा भार बराचसा लेव्हीवर असतो.

२. लेव्ही आणि बाँड यांत गल्लत करू नये. लेव्ही म्हणजे ठरावीक वर्षांसाठी मालमत्ता करातून गोळा होणारी रक्कम. ती मुख्यतः शाळा चालवायला लागते. बाँड म्हणजे इमारती बांधायला काढलेले कर्ज, जे पुढे मालमत्ता करातूनच फेडायचे असते.

३. बांधकामासाठी न्यायालयाचाही आधार उरलेला नाही. कोलंबिया नदीकाठच्या वाकायकम या लहानशा डिस्ट्रिक्टने इमारतींचा खर्च राज्याने द्यावा म्हणून दावा लावला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नवी शाळा हवी असेल, तर मतदारांसमोर जाणे डिस्ट्रिक्टला भागच आहे.

४. बाँडच्या मतदानात ‘नाही’चे वजन जास्त असते. लेव्हीला २००७ च्या घटनादुरुस्तीपासून साधे बहुमत पुरते. बाँडला मात्र ६० टक्के मते लागतात. म्हणजे एका ‘नाही’ची बरोबरी करायला दीड ‘हो’ हवेत. रेडमंड आणि कर्कलंड ज्यात येतात, त्या लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टचा २९ कोटी ९० लाख डॉलरचा बाँड २०१८ मध्ये सुमारे ५४ टक्के पाठिंबा मिळूनही पडला. निम्म्याहून अधिक मतदारांना शाळा हव्या होत्या, तरी बाँड मंजूर झाला नाही. अशा वेळी मत न देणारा प्रत्येक समर्थक निकालाला धक्का देतो.

५. कराची चिंता खरी आहे, पण हिशेब नीट करावा. दर हजारी दीड डॉलर असेल, तर १० लाखांच्या घरावर वर्षाला १,५०० डॉलर पडतात. ही रक्कम लहान नाही. मात्र लेव्हीची एकूण रक्कम मतदानातच ठरते. घरांच्या किमती वाढल्या म्हणून डिस्ट्रिक्टला त्या रकमेपेक्षा जास्त गोळा करता येत नाही. उलट दर खाली येतो. शिवाय पुष्कळदा संपत आलेल्या जुन्या लेव्हीच्या जागी नवी मागितलेली असते. म्हणून मतपत्रिकेवर नुसता दर वाचून थांबू नये. आज आपण किती भरतो, तेही पाहावे. वयाची ६१ वर्षे पूर्ण केलेल्या कमी उत्पन्नाच्या घरमालकांना सवलतीसाठी अर्ज करता येतो, हे शेजारच्या आजी-आजोबांना जरूर सांगावे.

६. लेव्ही पडली, तर घाव माणसांवर बसतो. तीच मागणी वर्षात दोनदाच मतदारांपुढे नेता येते. फेब्रुवारीत हरली, तर एकच संधी उरते, बहुधा एप्रिलची. पुढच्या वर्षी काम नसल्याची सूचना शिक्षकांना साधारण १५ मेपर्यंत द्यावी लागते, त्यामुळे कपातीच्या याद्या त्याआधीच तयार होतात. पगार हाच शाळेचा सर्वांत मोठा खर्च असल्याने कात्री तिथेच लागते. जिथे घरांच्या किमती कमी, तिथे दुहेरी फटका बसतो, कारण अशा डिस्ट्रिक्टना राज्याकडून मिळणारे पूरक साहाय्य स्थानिक लेव्ही मंजूर झाली तरच मिळते.

७. ‘आम्हाला मतच नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, हे खरे. कर मात्र आपणही भरतो, भाडेकरू असलो तर भाड्यातून. शाळा मंडळाच्या बैठकीत बोलायला आणि पालक संघटनेत काम करायला नागरिकत्व लागत नाही. आणि घरात इथे जन्मलेले, १८ वर्षे पूर्ण केलेले मूल असेल, तर ते मतदार होऊ शकते. काल-परवापर्यंत ज्या बाकावर ते बसत होते, त्याचाच हा प्रश्न आहे. त्याच्या नावाची नोंदणी आजच करून घ्या.

माझे मत स्पष्ट आहे : चालू लेव्ही पुढे न्यावी, आणि बाँडची ६० टक्क्यांची अट उतरवून लेव्हीसारखेच साधे बहुमत पुरे मानावे. तुमचे मत वेगळे असेल, तर तेही मतपत्रिकेवर उमटू द्या. लिफाफा उघडा, खूण करा, बाहेरच्या पाकिटावर सही करा आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत मतपत्रिकांच्या पेटीत टाका. टपालाने पाठवायचे असेल, तर हशील भरलेले असते. तिकीटही लावावे लागत नाही.