काढायचे राहून गेलेले शीट

उत्तर आयर्लंडच्या पोलिस खात्याला माहितीच्या अधिकारात विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : कोणत्या हुद्द्यावर किती अधिकारी आहेत आणि कोणत्या श्रेणीत किती कर्मचारी? उत्तरही एका छोट्या तक्त्यात मावणारे होते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी तो तक्ता एक्सेल फाइलच्या रूपात एका सार्वजनिक संकेतस्थळावर चढला. त्याच फाइलमधून ९,४८३ जणांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणेही बाहेर पडली. दोन-अडीच तास ती यादी कुणालाही उतरवून घेता येत होती.

हे घडले कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. खात्याच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून कर्मचाऱ्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवण्यात आली. मोजदाद करायची म्हणून त्याच फाइलमध्ये आणखी काही शीट उघडली गेली. काम संपल्यावर दिसत होते ते सगळे जास्तीचे टॅब काढून टाकले. मूळ यादीचे शीट मात्र नजरेआड होते. ते तसेच राहिले आणि फाइलबरोबर बाहेर गेले. म्हणजे इथे साफसफाई झालीच नव्हती असे नाही. झाली होती, पण जे दिसले तेवढ्याचीच. पुढे नेमलेल्या स्वतंत्र चौकशीनेही हा दोष कुणा एका व्यक्तीच्या किंवा एका विभागाच्या एखाद्या चुकीचा नाही, असाच निष्कर्ष काढला.

पोलिसांवर हल्ले करणाऱ्या सशस्त्र गटांच्या भीतीने तिथे अनेक पोलिस आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमा गावात एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. यादी फुटल्यानंतर आठवड्याभरात ती सशस्त्र गटांच्या हाती पडल्याचे पोलिसप्रमुखांना कबूल करावे लागले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये खात्याला साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला. सरकारी खाते म्हणून सवलत दिली नसती, तर तो ५६ लाखांवर गेला असता.

अशा प्रकरणातून सहसा ‘टॅब काढताना काळजी घ्या’ असा धडा घेतला जातो. तो अपुरा आहे. माणूस कितीही काळजीपूर्वक काम करणारा असला, तरी जे दिसतच नाही ते तो काढणार कसे? म्हणून नियम वेगळा हवा. ज्या फाइलमध्ये काम केले, ती फाइल कार्यालयाबाहेर जाताच कामा नये. बाहेर जाईल ती नव्याने केलेली, एका शीटची फाइल.

आता बहुतेक कामे ऑनलाइन शीटवर चालतात, त्यामुळे हा प्रश्न पोलिस खात्यापुरता राहिलेला नाही. गूगल शीट्सवरचा सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब असो की शाळेतल्या सहलीची यादी, वर्षभरात तळाशी टॅबची रांग लागतेच. एप्रिल, मे, ‘मे’ची कॉपी, फायनल, नवीन फायनल, आणि कुणाचे तरी ‘शीट ७’, ज्यात काहीच नाही. हे रिकामे शीटही फुकट नसते. नवा टॅब उघडला की १,००० ओळी आणि २६ स्तंभ, म्हणजे २६,००० घरे तयार होतात, आणि एका फाइलसाठी असलेल्या एक कोटी घरांच्या मर्यादेत ती मोजली जातात, मग त्यांत काही लिहिलेले असो वा नसो.

मग लोक हे टॅब काढत का नाहीत? भीतीपोटी, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. ‘एप्रिल’चे शीट उडवले आणि वार्षिक गोषवाऱ्याची सूत्रे त्यावर बेतलेली असली, तर गोषवाऱ्यात आकड्यांच्या जागी ‘रेफ’ची (#REF!) चूक झळकू लागते. गूगल फॉर्मची उत्तरे ज्या टॅबमध्ये साठतात, तो टॅब फॉर्मशी असलेली जोडणी तोडल्याशिवाय काढताच येत नाही. डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये तर एकदा उडवलेले शीट ‘अनडू’ करून परत मिळत नाही. त्यामुळे हिशेब सांभाळणारा शहाणा माणूस राइट क्लिक करतो आणि ‘डिलीट’ऐवजी ‘हाइड’ निवडतो. जुने सामान माळ्यावर टाकण्यातला हा प्रकार. घरातल्या घरात त्यात काही वावगे नाही. अडचण येते ती घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा.

गूगल शीट्समध्ये डाव्या कोपऱ्यात तळाशी सगळ्या शीटची यादी उघडणारे बटण असते. संपादनाचा अधिकार असलेल्याने ते दाबले की लपवलेली शीटही त्यात फिकट अक्षरांत दिसतात आणि एका टिचकीत उघडतात. ज्याला फक्त बघण्याचा अधिकार दिला, त्याने फाइलची स्वतःसाठी कॉपी केली की त्या कॉपीचा मालक तोच. मग त्यातली लपवलेली शीट उघडायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कॉपी, डाउनलोड आणि प्रिंट बंद करण्याची सोय आहे, पण लिंक व्हॉट्सॲपच्या गटात टाकण्याच्या घाईत ती किती जणांना आठवते?

बरे, हिंमत करून टॅब खरोखरच उडवला, तरी काम संपत नाही. गूगल शीट्स जुन्या आवृत्त्यांचा इतिहास जपते. चुकून उडालेले शीट त्यातून परत आणता येते, हे वरदानच. पण संपादनाचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला तो इतिहास चाळता येतो. सभासदांचे फोन आणि बँकखात्यांचे क्रमांक असलेला टॅब सचिवांनी सकाळी उडवला आणि दुपारी फाइल दहा जणांना संपादनासाठी दिली, तर ती माहिती त्या दहांपैकी कुणालाही पाहता येईल.

‘लपवलेले’ आणि ‘काढलेले’ यांतली गल्लत केवळ कारकुनांची होते, असेही नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली, तेव्हा तिचा काही व्यवसाय बार्कलेज या ब्रिटिश बँकेने घ्यायचे ठरवले. कोणते करार घ्यायचे याची जवळपास हजार ओळींची एक्सेल फाइल वकिलांकडे गेली. नको असलेल्या करारांच्या ओळी काढलेल्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या. मुदत संपत आलेली असताना रात्री फाइलची मांडणी सुधारून तिची पीडीएफ करण्यात आली. त्यात लपलेल्या ओळी उघड्या पडल्या आणि १७९ नको असलेले करार खरेदीच्या यादीत जाऊन बसले. पुढे त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याचे उदाहरण याहून भयंकर. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाने सुमारे दीडशे अर्जदारांची माहिती म्हणून एक फाइल ईमेलने पाठवली. प्रत्यक्षात तिच्यात तालिबानपासून जीव वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या जवळजवळ १९,००० अफगाणांचा तपशील लपलेला होता. प्रकरण इतके नाजूक होते की न्यायालयाच्या मनाई आदेशामुळे ते जुलै २०२५ पर्यंत ब्रिटिश जनतेलाही कळले नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही यातून सुटका देता येत नाही. फाइलमधला लपवलेला मजकूर शोधून देणारे साधन एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून आहे, पण ते मेनूच्या पोटात कुठे तरी दडलेले. शीट लपवणे दोन टिचक्यांचे काम, आणि लपवलेले शोधणे मात्र माहीतगाराचे. खरे तर उलट हवे होते. शेअरचे बटण दाबताक्षणी ‘या फाइलमध्ये तीन शीट लपवलेली आहेत, तीही द्यायची का?’ असे फाइलनेच ठळक अक्षरांत विचारायला हवे.

तोवर उपाय हातचाच आहे, आणि अवघड नाही. हवा तो मजकूर निवडायचा, कोरी नवी स्प्रेडशीट उघडायची आणि त्यात सूत्रे न आणता केवळ किमती चिकटवायच्या. गूगल शीट्समध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबाव्या लागतात. नव्या फाइलला जुना इतिहास नसतो, माळा नसतो, आणि सूत्रे नसल्यामुळे ‘रेफ’चीही भीती नसते. जुनी फाइल तिच्या साऱ्या टॅबसह सुखेनैव आपल्यापाशी राहू द्यावी.

आपल्याकडे हा विषय आता टाळता येण्यासारखा नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, राष्ट्रपतींची संमती मिळाली. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाली, तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले दहावे कलम सांगते की देता न येणारा भाग वेगळा काढून उरलेला द्या. कागदावर हे काम काळी पट्टी मारून झेरॉक्स काढली की भागते. स्प्रेडशीटमध्ये काळा रंग भरला, तरी त्याखालची अक्षरे जिवंत असतात.

यातून एक नवा धोका मात्र संभवतो. एखादा दंड झाला की कार्यालये घाबरून सगळेच तक्ते स्कॅन करून चित्ररूपात देऊ लागतील. मग हजार ओळींची बेरीज करायची तर अर्जदाराने त्या हाताने टंकत बसायचे. आकडे मागणाऱ्या नागरिकाला आणि पत्रकाराला ते परवडणारे नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी सप्टेंबर २०२३ मध्ये मूळ एक्सेल फाइली अशा उत्तरांसाठी चढवणे थांबवा, असे सरकारी संस्थांना बजावले. आपल्या राज्य माहिती आयोगानेही अर्ध्या पानाचे परिपत्रक काढावे आणि त्यात तक्ते ‘सीएसव्ही’ स्वरूपात द्या, असे स्पष्ट लिहावे. ती साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यातल्या आकड्यांची बेरीज करता येते, आणि एका वेळी तिच्यात एकच शीट उतरते. दुसरे शीट लपवायला तिच्यात जागाच नसते. पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून खालपर्यंत वाचायची. एखादा लपवलेला स्तंभ सोबत आला असेल, तर तोही तिथे उघडा दिसतो.