दिवे लागल्यानंतर

मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी चित्रपटगृहात अनुबोधपट दाखवला जाई, ते दिवस आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असतील. पडद्यावर धरणांच्या भिंती उभ्या राहत, कालव्यांतून पाणी धावे आणि मागून एक धीरगंभीर आवाज देशाच्या प्रगतीची वार्ता देई. प्रेक्षक तेवढ्या वेळात शेंगदाण्यांच्या पुड्या आणीत, मुलांना जागेवर बसवीत, उशिरा आलेल्या नातलगांना हाका मारीत. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे हे चित्रपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. पाहणे मात्र कोणावरच बंधनकारक नव्हते. त्यांतील काही कृती फार मोलाच्या होत्या, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले. २०२२ साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. ‘अनुबोधपट’ हा शब्द मागे पडला, ‘माहितीपट’ रूढ झाला. आपल्या मनातली समजूत मात्र कायम राहिली, की हा सारा उपदेशाचा प्रकार आहे आणि तो चालू असताना शेंगदाणे खाण्यास हरकत नाही.

ही समजूत गेल्या महिन्यात आमच्याच दिवाणखान्यात मोडली. ती कशी मोडली, हे या वेळी सांगावयाचे आहे.

सरकारी अनुबोधपटांच्या जोडीला आपल्या देशात दुसरीही एक परंपरा वाढत गेली. स्वतःच्या हिमतीवर, पदरमोड करून आणि मित्रांची मदत घेऊन सामाजिक प्रश्नांवर चित्रपट काढणाऱ्यांची ही परंपरा. त्यांना ना चित्रपटगृह मिळे, ना दूरदर्शनवर सहज जागा. म्हणून हे चित्रपट प्रेक्षकांच्या शोधात स्वतःच निघाले. मुंबईच्या घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकरनगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले. त्या घटनेपासून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट चौदा वर्षांनी, २०११ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या चाळींतून व वस्त्यांतून, ज्यांची ती कथा होती त्यांच्याच समोर, दाखवला गेला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने २००३ मध्ये भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा अनुबोधपटकारांनी एकजुटीने विरोध केला. अट मागे घेतली गेली. परंतु अनेक चित्रपट नाकारलेही गेले. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी ‘विकल्प’ या नावाने मुंबईतच आपला निराळा महोत्सव भरवला. उत्तर प्रदेशातील गोरखपूरसारख्या शहरात २००६ पासून कोणत्याही कंपनीचे प्रायोजकत्व न घेता, लोकांच्या वर्गणीवर असा उत्सव होऊ लागला. गोरखपूर काही महानगर नव्हे. जे तेथे होऊ शकते, ते बालाघाटला का होऊ नये, असा विचार मनात आला आणि आम्ही पंधरा-वीस मंडळींनी महिन्यातून एका रविवारी घरीच एखादा अनुबोधपट पाहावा असे ठरवले.

पहिला चित्रपट निवडला तो ‘मोलकरीण’.

हे नाव ऐकताच आमच्यातील ज्येष्ठ मंडळींचे डोळे लकाकले. सुलोचनाबाईंचा १९६३ सालचा ‘मोलकरीण’ कोण विसरेल? आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी ती आई पाहून त्या काळी पदर ओले झाले नाहीत असे मराठी घर विरळा. परंतु आम्ही दाखवणार होतो ती ‘मोलकरीण’ निराळी. बंगळूरच्या ‘युगांतर’ नावाच्या गटाने १९८१ साली काढलेला हा सुमारे पंचवीस मिनिटांचा अनुबोधपट आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणकार नवरोज काँट्रॅक्टर अशी ही मंडळी. पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हा त्याचा विषय. या चित्रपटात त्या स्त्रियाच बोलतात. त्यांच्या बोलण्यात पगाराचा, सुटीचा, आजारपणातील खाड्यांचा आणि एका शब्दासरशी कामावरून काढले जाण्याचा हिशेब आहे. ‘युगांतर’च्या मंडळींनी आपले चित्रपट केवळ जाणकारांसाठी ठेवले नाहीत. सोळा मिलिमीटरचे यंत्र घेऊन ती कामगार स्त्रियांच्या बैठकींत व वस्त्यांत गेली. चित्रपट संपला की बोलणे सुरू होई, आणि त्या बोलण्यासाठीच तर चित्रपट काढलेला असे.

आता बसण्याचा प्रश्न आला. आमच्या घरी गेली अकरा वर्षे धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना मी अगत्याने बोलावले होते. त्या आपल्या मुलीला घेऊन आल्या आणि सवयीने स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी टेकल्या. मंडळी सोफ्यावर व खुर्च्यांवर बसली होती. ‘पुढे या ना’ असे मी दोनदा म्हटले. त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

पंचवीस मिनिटांनी दिवे लागले. सुलोचनाबाईंच्या चित्रपटानंतर डोळे पुसण्याची सोय होती; येथे तीही नव्हती. क्षणभर कोणीच बोलेना. मग एकाने छायाचित्रणाची वाखाणणी केली, दुसऱ्याने त्या काळच्या पुण्याच्या आठवणी काढल्या. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, ही माहिती मी पुरवली. चर्चा छान रंगू लागली होती. तेवढ्यात उंबरठ्यावरून प्रश्न आला, ‘मंग त्यायले सुट्टी भेटली का?’

बाईंचे माहेर गोंदियाकडचे. पुण्याची मराठी त्यांना अडली नव्हती. अडले होते ते आम्हांला. पंधरा सुशिक्षित माणसांपैकी एकानेही उत्तर दिले नाही. कारण प्रश्न पुण्याचा नाही, हे सर्वांना कळले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या बाई दरवर्षी मे महिन्यात तीनएक आठवडे कामावर येत नाहीत. सासरच्या गावी, लांजीकडच्या जंगलात, त्या तेंदूपत्ता तोडावयास जातात. पहाटे उठून पाने तोडावयाची, दुपारी घरी बसून पन्नास पन्नास पानांची एकेक गड्डी बांधावयाची आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून द्यावयाची. अशा हजार गड्ड्यांचा, म्हणजे पन्नास हजार पानांचा, एक मानक बोरा होतो. वर्षातून एकदाच हाती पडणारा हा रोख पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांना, घराच्या कौलांना लागतो. दरवर्षी मी त्या तीन आठवड्यांचा पगार कापीत आले. कापताना कुरकुरही केली. उन्हाळ्याची सुटी, घरात पाहुणे, आणि नेमक्या ह्याच वेळी यांना गावाला जावयाचे असते! एका वर्षी तर दुसरी बाई पाहीन अशी धमकीही दिली होती. त्यांनी त्या वर्षी चार दिवस आधीच परत येऊन काम धरले. त्या चार दिवसांत किती गड्ड्या बुडाल्या, हे मी तेव्हा विचारले नाही.

१९६३ च्या ‘मोलकरणी’साठी आम्ही अश्रू ढाळले, ते ती मोलकरीण होती म्हणून नव्हे, ती आई होती म्हणून. आईला मोलकरणीसारखे वागवले जाते, याचे आम्हांला दुःख झाले. मोलकरणीला मोलकरणीसारखे वागवले जाते, यात दुःख करण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनात आले नाही. १९८१ च्या चित्रपटात कोणीही हरवलेली आई नाही. तेथे फक्त काम करणाऱ्या बायका आहेत आणि त्या कामाचा हिशेब मागत आहेत. ‘अगदी घरच्यासारख्या आहेत हो’ असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांना घरच्यासारखे आजारी पडण्याची मुभा आपण देतो काय? मला या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री टाळता आले नाही.

दुसऱ्या महिन्यात आम्ही ‘युगांतर’चाच दुसरा चित्रपट लावला, १९८२ सालचा ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध. तेथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची ही हकीगत आहे. चित्रपट काढणाऱ्या स्त्रिया महिनोन्‌महिने त्या कामगार स्त्रियांत राहिल्या; काय दाखवावयाचे, कसे दाखवावयाचे, हे त्यांच्याशी बोलून ठरवले. तंबाखूच्या धुळीने भरलेली ती अंधारी जागा पडद्यावर आली तेव्हा खोकल्याचा आवाज ऐकून आमच्या खोलीतही कोणीतरी खाकरले.

या वेळी आम्ही खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. सगळ्यांना सारखीच सतरंजी. बाई आपल्या दोन जावांना घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून आमच्यातच बसल्या. दिवे लागल्यावर पहिल्यांदा त्यांनी बोलावे, इतरांनी मागून, असे आधीच ठरले होते. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी सांगितले की आपण तोडतो त्या पानात शेवटी हाच तंबाखू भरला जातो, हे त्यांनी आजवर मनात आणले नव्हते. पान येथले, तंबाखू तेथला. विडी वळणाऱ्या तिसऱ्याच कोणी. तिघींची कधी गाठ पडत नाही. मग पानाचा दर, फडावरची मोजणी, नापास ठरून टाकून दिलेल्या गड्ड्या, असे बोलणे तासभर चालले. मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ च्या कायद्याने शासनाने हाती घेतला, हे आमच्यापैकी एका निवृत्त वनाधिकाऱ्यांना ठाऊक होते. मोजणीच्या वेळी फडावर काय घडते, हे मात्र त्यांनीही त्या दिवशी लक्ष देऊन ऐकले.

ज्यांना आपल्या गावी असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. चित्रपट लहान निवडावा. अर्ध्या तासाचा असला तर बोलावयास वेळ उरतो. निर्मात्यांची रीतसर परवानगी घ्यावी. भाषणे आणि सत्कार ठेवू नयेत. बैठक सर्वांची एकाच पातळीवर असावी. आणि ज्यांच्या आयुष्यावर चित्रपट आहे, त्यांच्यापैकी कोणी खोलीत नसेल, तर तो दिवस पुढे ढकलावा. त्यांच्या अनुपस्थितीत झालेली चर्चा कितीही उत्तम झाली, तरी ती शेंगदाणे खाण्याहून फारशी वेगळी नसते.

आमच्या घरी आता महिन्याला चार पगारी सुट्या आहेत आणि आजारपणाचा खाडा धरला जात नाही. मे महिन्याचे तीन आठवडे जागा त्यांचीच राहील आणि अर्धा पगार मिळेल, असे ठरले. ‘अर्धाच का?’ असे माझ्या सुनेने विचारले. त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. पुढच्या मेपूर्वी ते शोधावे लागेल. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण यात उदारपणा कसलाच नाही. अकरा वर्षांची बाकी आहे, तिच्यातले हे थोडेसे.

परवा जाताना बाईंनी एक गोष्ट विचारली. ते चित्र दाखवण्याचे यंत्र त्यांच्या गावी आणता येईल का? पाने तोडण्याच्या हंगामात संध्याकाळी फडावर सारे गाव जमलेले असते. वीज असते, भिंतही आहे. ‘बसाले सतरंजी आमी देऊन,’ असे त्या म्हणाल्या.

आम्ही जाणार आहोत. दिवे लागल्यानंतर या वेळी प्रथम कोणी बोलावयाचे, हे तेथील मंडळी ठरवतील.