दोन घटिकांचा हिशेब



व्यापाऱ्याच्या घरात 'सुटी' हा शब्द फार उशिरा आला. आपट्याचे आमचे धान्याचे दुकान संवत्सरीला बंद असे आणि घरात मयत झाली तर बंद असे. तिसरे कारण मला आठवत नाही. प्रवास होई तो यात्रेचा. शिखरजी, पालिताणा, आबू ही नावे आम्ही लहानपणी पाढ्यांसारखी ऐकली. समुद्रावर तीर्थ नाही, म्हणून समुद्रावर जाणे नाही, इतका तो सरळ हिशेब होता. अलिबाग आपट्याहून काही तासांच्या अंतरावर. पण तिकडे फिरायला म्हणून गेलेले आमच्या मागच्या पिढीतले एकही माणूस मला ठाऊक नाही.

आमच्या काकीसा सून होऊन आपट्याला आल्या त्याला साठ वर्षे उलटली. घरापुढून पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी तिला मिळते, म्हणून वैशाखातही ती आटत नाही. हेच पाणी पुढे धरमतरच्या खाडीला जाऊन मिळते, हे काकीसांना ठाऊक होते. त्या खाडीपलीकडचा समुद्र मात्र त्यांनी मुंबईला लग्नकार्याला जाताना मोटारीच्या काचेतून पाहिला तेवढाच. गेल्या वर्षी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली : "सगळ्यांना घेऊन एकदा दर्यावर जाऊ."

वाक्यातला अवघड शब्द 'दर्या' नव्हता, 'सगळ्यांना' हा होता. त्यांच्या दोन मुलांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. दुकानाची वाटणी झाली तेव्हा तक्ता मी मांडला होता. घरात एम.कॉम. झालेला मी एकटा, त्यातून बँकेतला. दोघांनीही विश्वासाने माझ्याकडे कागद दिले. थोरल्याकडे चालते दुकान आणि राहते घर गेले, धाकट्याकडे पनवेलचा भूखंड आणि काही रोकड. त्या दिवसाच्या भावाने दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळत होत्या. पुढे विमानतळाच्या कामामुळे पनवेलच्या जमिनींना असा भाव आला की धाकट्याचे पारडे उघडच जड झाले. बँकेतल्या माणसाला हे आधीच कळले असणार, असे थोरल्याच्या मनाने घेतले. मला खरोखरच काही कळले नव्हते. पण तक्त्याखाली अक्षर माझे होते.

तरी मे महिन्यात आम्ही तेवीस जण निघालो. खारपाडा, पेण, वडखळ, पोयनाड या वाटेने दोन मोठ्या गाड्या गेल्या. आपट्याचे रेल्वे स्थानक मागे पडले तेव्हा मुलांनी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटच्या प्रसंगाची नक्कल करून घेतली. आपट्याची तेवढी कीर्ती नव्या पिढीला पुरते. वडखळच्या पुढे रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. आमच्या दोन्ही गाड्यांनी त्यांच्याकडे अलिप्तपणे पाहिले. थोरला पुढच्या गाडीत, धाकटा मागच्या गाडीत. काकीसा पोयनाडपर्यंत एकीत बसल्या आणि तेथून दुसरीत.

नागावला सुपारीच्या वाडीत घर घेतले होते. महाराज आणि भांडी आम्ही बरोबर नेली. मालकीणबाईंनी मागच्या अंगणातली चूल मोकळी करून दिली आणि कच्ची केळी, कैऱ्या, नारळ वाडीतलेच दिले. समुद्रकाठच्या मुक्कामात आपल्या मंडळींची खरी अडचण येते ती चौविहाराची. सारे जग ज्या वेळी सूर्यास्त पाहायला वाळूवर जमते, नेमक्या त्याच वेळी आपण ताटावर असतो. आम्ही जेवण साडेपाचला उरकण्याचे ठरवले आणि पाणी पिऊन मग किनारा गाठला. मे महिन्यात तिकडे सूर्य सातनंतर बुडतो, त्यामुळे दीड तास निवांत मिळाला. काकीसा पहिल्या संध्याकाळी ओल्या वाळूवर खुर्ची टाकून बसल्या. लाट पावलांखालची वाळू ओढून नेई तेव्हा त्या दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरत. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी होती आणि अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायचा होता. माझ्या बँकेच्या नेमणूकपत्रावर 'जिल्हा कुलाबा' असे छापलेले होते. 1981 साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या जुन्या नावाचा हा किल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 साली त्याचे काम हाती घ्यायला लावले, पुढे तो आंग्र्यांचे बळ झाला. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले, तरी कान्होजी आंग्र्यांच्या हातून त्यांना तो घेता आला नाही. भरतीत तो चहूबाजूंनी पाण्यात असतो. ओहोटीत मात्र किनाऱ्यापासून पायवाट उघडी पडते आणि घोडागाड्याही जातात.

ही वाट केव्हा उघडते, याचे गणित आपल्या पंचांगात आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण बारा वाजता येते. पुढे प्रत्येक तिथीला ती दोन घटिका, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटे पुढे सरकते. नवकारशीसाठी सूर्योदयानंतर आपण थांबतो तेवढाच हा काळ. कोळी लोक सोपे करून तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन; भरती तीनच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. त्याच्या सहा तास अलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. आदल्या रात्री हे मी सर्वांना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. उत्तर बरोबरच होते.

चूक पुढे झाली. नऊला ओहोटी तर नऊला पोहोचावे, असा अर्थ मी लावला. नवकारशी, चहा, उकाळलेले पाणी गार करून बाटल्यांत भरणे, तेवीस जणांची पादत्राणे, यात किल्ल्याच्या दरवाजात पाय ठेवायला सव्वानऊ झाले. वास्तविक त्या वेळी पाणी फिरले होते. वाट उघडी असते ती ओहोटीच्या थोडी अलीकडे आणि थोडी पलीकडे; जायचे ते पाणी ओसरत असताना आणि परतायचे ते तळाला असताना. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांत जेवढे चढायचे त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब आहे. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो. चक्रवाढ व्याज आयुष्यभर मोजणाऱ्याला हे सुचायला हवे होते.

आत संकष्टीमुळे गणपतीच्या देवळात गर्दी होती. मुले चाकांवरच्या तोफांवर चढून बसली. काकीसा पुष्करणीच्या पायऱ्यांवर विसावल्या; चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याचे त्यांना नवल वाटत राहिले. साडेदहाच्या सुमारास एक गाडीवाला आत येऊन ओरडला, "काका, पाणी भरतंय, निघा!"

मुले आणि बायका आधी निघाल्या. दोन गाड्या भरून गेल्या, तिसरी दुसऱ्यांनी धरली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काकीसांना दरवाजापर्यंत यायलाच वेळ लागला आणि आम्ही खाली उतरलो तेव्हा वाटेच्या सखल भागात गुडघाभर पाणी होते. आता थांबलो तर पुढची ओहोटी रात्री साडेनऊला. वाट उघडेपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला. म्हणजे काकीसांना दुसऱ्या दिवसाच्या नवकारशीपर्यंत अन्न नाही, आणि बरोबरचे पाणी संपले तर सूर्यास्ताच्या आधीही पाणी नाही. खरे तर आम्ही थांबायलाच हवे होते. किल्ल्यात सावली होती, माणसे होती; एक उपवास काकीसांना जड नव्हता, त्यांनी अठ्ठाई केलेली आहे. पाण्यात उतरण्याचा निर्णय चुकीचा होता. तो माझा होता आणि वाचकांनी त्याचे अनुकरण करू नये.

गाडीवाला वाट दाखवत पुढे झाला. थोरल्याने आणि धाकट्याने एकमेकांची मनगटे धरून हातांची बैठक केली, लहान मुले खेळात करतात तशी, आणि आईला तीवर बसवले. अकरा वर्षांनंतरचे त्यांचे पहिले बोलणे मी मागून ऐकले.

"डावा आधी."

"थांबा, दगड आहे."

"धरलंय ना नीट?"

"धरलंय. चला."

पाणी मांडीपर्यंत आले. काकीसांनी दोन्ही मुलांच्या मानेभोवती हात टाकले होते आणि डोळे मिटून नवकार म्हणत होत्या. माझ्या हातात त्यांच्या चपला, पाण्याची बाटली आणि खिशात फोन. तिन्ही वस्तू एकाच वेळी वाचवण्याच्या खटाटोपात फोन गेला. किनारा लागला तेव्हा दोघांच्या मनगटांवर एकमेकांच्या बोटांचे वळ उठले होते. थोरल्याने पायजमा पिळला, धाकटा गाड्यांकडे निघून गेला. दोघेही पुढे काही बोलले नाहीत.

परतताना बसण्याची व्यवस्था होती तीच राहिली, एक गाडी पुढे, एक मागे. काकीसा मात्र पोयनाडला उतरल्या नाहीत. नागावहून आपट्यापर्यंत त्या एकाच गाडीत डोळे मिटून बसल्या.

जून महिन्यात सहलीचा खर्च मांडून मी दोघांकडे पाठवला. माणशी भाग काढला होता. काकीसांचा भाग निम्मा-निम्मा दोन्ही मुलांवर घातला होता. धाकट्याचे पैसे त्याच दिवशी आले. थोरल्याने कागद परत पाठवला. आईचा निम्मा भाग त्याने खोडून तेथे पूर्ण रक्कम लिहिली होती. मी धाकट्याला त्याची जास्तीची रक्कम परत करू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडेच. ते ऐकायचे नाहीत आणि मीही घेणार नाही."

ती रक्कम अकराशे चाळीस रुपये आहे. कोणाच्याच खात्यात न बसणारी रक्कम बँकेत आम्ही 'अनामत' या खात्यात ठेवत असू. सध्या ती तशीच एका पाकिटात माझ्या कपाटात आहे. या वर्षीच्या मे महिन्यासाठी काकीसांनी दिवेआगरचे नाव काढले आहे. मी पंचांग घेऊन बसलो आहे, आणि या वेळी ओहोटीच्या दीड तास आधीची वेळ लाल शाईने लिहीत आहे.