दिवा की काटा?

इंजिन तापलं की पेटणारा लाल दिवा चांगला, की किती तापलंय ते दाखवणारा काटा चांगला? माझं मत काट्याला. आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला यातलं काय कळतं! पण २०२४ च्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे मिनेसोटात होते, तेव्हा भाच्याने आपल्या एटीव्हीला बाहेरून आणलेला तापमानाचा मीटर बसवला. त्यावरून त्या घरात जो वाद झाला, तो अजून फोनवर चालू आहे. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

ज्यांनी एटीव्ही पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटारसायकलसारखं हँडल, तशीच सीट आणि खाली चार फुगीर टायर. आपल्याकडे काही समुद्रकिनाऱ्यांवर फेरी मारायला भाड्याने मिळते तीच. तिकडे मात्र ती कामाची गाडी आहे. भाचा तिच्यावर लाकडं ओढतो, डुलुथच्या उत्तरेला रानवाटांनी फिरतो, हिवाळ्यात पुढे फाळ लावून दारातला बर्फ ढकलतो.

या गाडीचं दुखणं असं की ती चालते हळू आणि ओढते फार. मोटार वेगात असली की समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. चिखलातून बैलगाडीच्या वेगाने जाणाऱ्या एटीव्हीला वारा कुठला? सगळी भिस्त पंख्यावर. त्यात रेडिएटर पुढेच, म्हणजे उडालेला चिखल जाळीत जाऊन बसणार आणि वाळून घट्ट होणार. आणि एवढ्यासाठी भाच्याच्या गाडीला मुळात होता काय, तर एक लाल दिवा.

भावजींचं म्हणणं, "कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करूनच दिवा दिला असेल ना? चांगली नळी कापायची कशाला?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

भाच्याने काम मात्र मन लावून केलं. मी शेजारी स्टुलावर बसून प्रश्न विचारत होते. आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, कारण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. मग कूलंट काढून घेतलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी कापून मध्ये ॲल्युमिनियमचा पोकळ तुकडा बसवला, दोन्हीकडे क्लॅम्प आवळले आणि त्या तुकड्यात सेन्सर फिरवून घट्ट केला. सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून मीटर तापमान दाखवतो. खरी मेख पुढे होती. तो तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात, गाडीच्या सांगाड्याशी त्याचा संबंधच नाही. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थिंग मिळणार कुठून? ते वेगळी वायर जोडून द्यावं लागतं, नाहीतर मीटर गप्प तरी बसतो किंवा भलतंच काही सांगतो. मीटरची वीज फ्यूजमधून आणि चावी फिरवल्यावरच मिळेल अशी घेतली, नाहीतर बॅटरी उतरते. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढली.

पुढच्या पंधरा दिवसांत भाचा आपली गाडी नव्याने शिकला. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८० अंशांपर्यंत, काटा भराभर चढतो. मग रेंगाळतो. ओझं असलं की ९० च्या पुढे जातो, पंखा लागला की उतरतो. एके दिवशी पंखा चालू असूनही काटा उतरेना. त्याने गाडी थांबवली. जाळी चिखलाने लिंपलेली. धुतली आणि काटा जागेवर आला. लाल दिवा लागलाच नव्हता.

भावजी म्हणाले, "थोड्या वेळाने लागला असता की!" लागला असता. पण कधी? निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबामुळे आत ते आणखी वर तग धरतं. दिवा या कड्याच्या जवळ गेल्यावर लागतो. तोवर आपण खुशाल गाडी रेटत असतो. पुढे गॅस्केट जातं, हेड वाकतं. वार्षिक निकालावरची लाल रेघ आणि रोज तपासलेली वही यांत जो फरक, तोच हा. वही बघणाऱ्याला मूल मागे पडतंय हे दिवाळीच्या आधी कळतं.

आपल्याकडेही कित्येक छोट्या मोटारींतून काटा गेला. इंजिन गार असताना निळा दिवा, फार तापलं की लाल, मधे काही नाही. जिथे काटा उरलाय, तिथेही बऱ्याच गाड्यांत तो बराच चढउतार होऊनही मुद्दाम मध्यावरच राहील असा केलेला असतो. चालक उगाच घाबरू नये म्हणून! हे मला पटत नाही. घाबरेल म्हणून सांगायचंच नाही, तर त्याला कळणार कधी? पूर्वी खंबाटकी चढताना लोकांचा एक डोळा काट्यावर असे. चढू लागला की एसी बंद, वेग कमी, तरी ऐकेना तर गाडी कडेला.

काटाही देव नाही, हे भावजींना मी मान्य केलंय. पाणी गळून गेलं तर नळीतला सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना मीटर कमी तापमान दाखवू शकतो. म्हणून काटा एकाएकी खाली पडला तर ती आनंदाची बातमी समजू नये. शिवाय चिखलात डोळे वाटेवर असतात, मीटरवर नाही. तेव्हा जुना दिवा काढू नका. तो राहू द्या, पण भरवसा त्याच्या एकट्यावर नको.

आणि ज्यांना नळी कापायची नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट. अलीकडच्या मोटारींत स्टीअरिंगच्या खाली ओबीडी नावाचा सॉकेट असतो. त्यात छोटं यंत्र लावलं की फोनवर इंजिनाचं तापमान अंशांत दिसतं. नवी गाडी घेताना आपण रंग विचारतो, स्क्रीन केवढी ते विचारतो. त्यात एवढंही विचारा, की बाबा रे, काटा आहे का नुसताच दिवा?

भावजी हे वाचतील आणि रविवारी फोन करतील. मी तयारीत आहे.