विमानाचा पहिला मान कोणाचा?

शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत विज्ञानाचा विषय निघाला की विमानाची गोष्ट येतेच. एक वक्ता राइट बंधूंचे नाव घेतो. दुसरा उठून सांगतो की, त्यांच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले. ते पंधराशे फूट चढले, आणि आपल्या बडोद्याचे सयाजीराव महाराज व न्यायमूर्ती रानडे यांनी तो प्रयोग डोळ्यांनी पाहिला. टाळ्या दुसऱ्यालाच अधिक पडतात. त्या टाळ्यांमागील अभिमान आम्हांस समजतो. तथापि मान द्यावयाचा तो कशाबद्दल, हे आधी ठरविले पाहिजे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन गावी, विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांचे सायकलींचे दुकान होते. दोघांपैकी एकानेही महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. त्या काळी विमानाच्या मागे लागलेले बहुतेक लोक जोरदार इंजिनाच्या चिंतेत होते. या भावांनी चिंता केली ती तोलाची. सायकलच्या धंद्यातील माणसाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. सायकल आपण होऊन उभी राहत नाही. स्वाराने क्षणोक्षणी तिला सावरावे लागते. जर्मनीच्या ऑटो लिलिएंथालने इंजिनावाचून, केवळ पंखांच्या आधारे, टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरून दाखविले होते. पण तो तोल सांभाळी केवळ अंग इकडेतिकडे झुकवून. १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचे यान हवेत अडखळून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. राइट बंधूंनी पंखांची टोके तारांनी पिळून तोल सावरण्याची युक्ती काढली. पक्षी हेच करतात.

एवढ्याने काम भागले नाही. १९०१ साली त्यांचे बिनइंजिनाचे विमान वाऱ्यावर चढविले, तेव्हा मान्यवर कोष्टकांवरून जी उचल मिळावयास हवी होती, तिचा सुमारे तिसरा हिस्साच मिळाला. दोघे खिन्न मनाने घरी परतले. येथे आम्हांस त्यांचा खरा मोठेपणा दिसतो. थोरामोठ्यांचे आकडे चुकीचे असू शकतील, अशी शंका घेण्याचे धैर्य त्यांनी केले आणि ती शंका तपासून पाहण्याचे कष्टही घेतले. सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी, तिच्या तोंडाशी पंखा, आत करवतीची जुनी पाती व सायकलचे आरे यांपासून केलेला नाजूक काटा: एवढ्या सामग्रीवर त्यांनी त्या हिवाळ्यात सुमारे दोनशे आकारांचे छोटे पंख वाऱ्यात धरून मोजले. हवेच्या दाबाचा जो अंक अठराव्या शतकापासून सर्वजण वापरीत आले होते, तो जवळजवळ दीडपट फुगलेला आहे, हे त्यांना उमगले. (अशी वाऱ्याची पेटी त्यांच्या आधी इंग्लंडात झाली होती, तिचा असा उपयोग मात्र कोणी केला नव्हता.) आमच्या मते विमान जन्मले ते त्या पेटीत. १९०२ साली नव्या पंखांवर त्यांनी शेकडो वेळा तरंगून पाहिले, आणि मग इंजिनाचा विचार केला. बारा अश्वशक्तीचे ते इंजिन त्यांच्या दुकानातील चार्ल्स टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत घडविले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूत काय घडले, ते पाठ्यपुस्तकांत असतेच. ऑर्व्हिल १२ सेकंद व १२० फूट. दिवसाच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद व ८५२ फूट. पाच साक्षीदार हजर होते, आणि पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

याच्या नऊच दिवस आधी सॅम्युएल लँग्ले यांचे विमान पोटोमॅक नदीत दुसऱ्यांदा कोसळले होते. लँग्ले हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. सरकारने त्यांना पन्नास हजार डॉलर दिले होते, इंजिन बावन्न अश्वशक्तीचे होते; तोल सावरण्याची सोय मात्र अपुरी होती. राइट बंधूंचा सारा खर्च हजार डॉलरांच्या आत होता.

पुढची हकीकत आमच्या विषयाला फार जवळची आहे. १९१४ साली लँग्ले यांचे विमान पुष्कळ फेरफार करून थोडेसे उडविण्यात आले, आणि त्या आधारावर मनुष्यास घेऊन उडण्यास समर्थ असे पहिले विमान आपल्या प्रमुखाचेच, असे स्मिथसोनियनने जाहीर केले. एवढी विद्वानांची संस्था, पण आपल्या माणसाच्या मोहात पडली! संतापलेल्या ऑर्व्हिलने १९२८ साली आपले विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिले. अखेर १९४२ साली संस्थेने त्या फेरफारांची यादी छापून आपला दावा मागे घेतला. १९४८ च्या अखेरीस विमान मायदेशी आले, पण ते पाहावयास ऑर्व्हिल उरला नव्हता.

राइट बंधू निर्दोष होते, असे नव्हे. १९०५ साली सलग चोवीस मैल उडूनही त्यांनी पुढे जवळजवळ तीन वर्षे विमान झाकून ठेवले, आणि नंतर पेटंटासाठी कज्जेदलाली केली. १९०६ साली पॅरिसमध्ये सर्वांदेखत २२० मीटर उडालेल्या सांतोस द्युमाँला ब्राझीलचे लोक पहिला मानतात, त्यास ही लपवाछपवीही थोडीफार कारण आहे.

आता तळपद्यांविषयी. त्यांच्या विमानाची मापे, त्याचे छायाचित्र, वाद मिटविणारा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त, यांपैकी काहीही आजवर पुढे आलेले नाही. त्यांच्या पाठीशी जो 'वैमानिकशास्त्र' ग्रंथ उभा करण्यात येतो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. तो विसाव्या शतकातला असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. शिवाय मरुत्सखा निर्मनुष्य होते, असे दावा करणारे स्वतःच बहुधा सांगतात. तसे असेल, तर लँग्ले यांचे वाफेवर चालणारे निर्मनुष्य विमानही ६ मे १८९६ रोजी अर्ध्या मैलाहून अधिक उडाले होते, आणि तेवढ्यावरून त्यांना कोणी पहिला मान देत नाही.

मुंबईतील एक संस्कृतज्ञ गृहस्थ त्या काळी विमानाचा ध्यास घेतो, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. तिचा शोध मराठी माणसानेच घ्यावयास हवा. १८९५ सालची मराठी व गुजराती वर्तमानपत्रे मोठ्या ग्रंथालयांतून जपलेली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे इतिहास शिकण्यास गेला, तर त्याने त्या वर्षाचे अंक एकेक करून चाळावेत आणि जे सापडेल ते, न सापडले तर तेही, या वार्षिकाकडे लिहून पाठवावे.