शाळेचा लॅपटॉप कपाटात कशाला?

मंडळी, आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत लॅपटॉप आला असेल, तर तो आज कुठं आहे एवढं जरा विचारून बघा. पुष्कळदा उत्तर मिळतं, कपाटात! डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, कुलूप लागलं. बिघडला तर वसुली आपल्या पगारातून होईल, ही गुरुजींची धास्ती. मग यू-डायसची माहिती भरायला गुरुजी तालुक्याला, आणि दोन शिक्षकी शाळेत त्या दिवशी चारही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात.

खरं तर सुरुवातीची कामं फार नाहीत. अर्थिंग असलेलं सॉकेट बघून घ्या. शाळेच्या वायरिंगकडं वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. इंटरनेट जोडलं की पहिलं अपडेटच तासभर चालतं, ते अर्ध्यात बंद करू नये. मोबाईलचा डेटा त्यातच संपतो. त्या दिवसापुरतं ग्रामपंचायतीचं कनेक्शन दिलं, तर सरपंचांचं काय जातं? पासवर्ड मात्र दुकानदाराच्या पोराला ठरवू देऊ नका. आपल्या लेकरांचे आधार नंबर त्यात असणार. गुरुजींनी तो स्वतः ठरवावा अन् बदलीच्या वेळी चार्ज देताना पुढच्यांना द्यावा, नाहीतर मशीन धूळ खात पडतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत ठराव घ्या : रोजच्या वापरात बिघाड झाला तर दुरुस्ती शाळेच्या अनुदानातून, गुरुजींच्या खिशातून नाही. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांकडं पाठवा.